बाराव्या मिनिटाला बंद पडणारी गाडी

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली सिस्टर म्हणते. चौतीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यात नर्सची नोकरी केली, तेव्हा त्यात नवल नाही. नवल एवढंच, की त्यांचे यजमानही त्यांना सिस्टरच म्हणतात. ते त्याच दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. लग्नाआधी सहा वर्षं "सिस्टर, सात नंबरचा केसपेपर आला नाही" असं म्हणत होते, आणि लग्न झालं म्हणून जिभेचं वळण काही बदललं नाही. त्यांना आम्ही रेकॉर्डवाले म्हणतो. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा पक्का समज आहे.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात सिस्टरांनी गाडी घेतली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांच्या शेडमध्ये ती नऊ वर्षं उभी होती. रंग मूळचा पांढरा, पण आता दिवसातून पंधरा कप चहा पिणाऱ्याच्या दातांसारखा झालेला. चारही चाकं बसलेली. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला होता आणि दोन्ही वेळा "घरी विचारून सांगतो" म्हणाला होता.

"अहो सिस्टर, हीच का?" मी विचारलं.

"चौतीस वर्षं मी बऱ्या झालेल्या माणसांकडे बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "धडधाकट गाडी घेऊन मी करू काय?"

चाकांत हवा भरून चौघांनी ती ढकलत आणली. सिस्टर बॉनेटवर हात ठेवून शेजारून चालत होत्या. "हळू. वळणावर हळू घ्या. मान सांभाळा." गाडीला मान कुठे असते हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. चौघंही वळणावर खरोखर हळू झाले.

गाडी दारात लागली तशी रेकॉर्डवाल्यांनी टेबल-खुर्ची बाहेर काढली आणि केसपेपर लिहायला घेतला. वय, बावीस. लिंगापाशी अडलं.

"गाडी. स्त्रीलिंगी," ते म्हणाले.

"पण दुखणं इंजिनाचं आहे. इंजिन नपुंसकलिंगी," सिस्टर म्हणाल्या.

"मग कार्बोरेटरचं असलं तर? तो पुल्लिंगी!"

यावर अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी त्या जागी आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं: 'तक्रार – चालू होत नाही. किती दिवसांपासून – नऊ वर्षे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. हा आमच्या भागातला जुना मेकॅनिक. हात सोन्यासारखा, पण तोंड सदा सुतकी. कोणतीही गाडी समोर आली, की तो बॉनेट उघडतो, आत बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." एकदा एका माणसाने नुसता आरसा बसवायला गाडी आणली होती, त्यालाही तो हेच म्हणाला होता. त्याने सिस्टरांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघितलं, मान हलवली.

"इंजिन..."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "हात लावायच्या आधी इतिहास. पेशंटने काय खाल्लं, कधी पडला, आधी कोणाचं औषध चालू होतं, हे न विचारता तुम्ही थेट पोट फाडायला निघालात?"

आणि त्या मिस्त्रीला घेऊन घड्याळवाल्या काकांच्या दुकानात गेल्या. मागून केसपेपर सांभाळत रेकॉर्डवाले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. काका एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते न काढताच बोलले, त्यामुळे त्यांचा एक डोळा लिंबाएवढा दिसत होता.

"तिला काय होणार? मी दर आठवड्याला चालू करत होतो."

"कुठल्या आठवड्याला?" आतून काकूंचा आवाज आला. "धाकटीचं लग्न ठरलं त्या आठवड्याला. आता तिचा मुलगा तिसरीत आहे."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी आतून बोलतेय, मध्ये नाही."

सिस्टरांनी मान डोलावली. पेशंटचे नातेवाईक पहिल्यांदा खोटंच बोलतात हे त्यांना पाठ होतं. "बंद पडायला कधी लागली? एकदम, की हळूहळू?"

"एकदम. चांगली चालत होती. एक दिवस रस्त्यात बंद पडली. थोड्या वेळाने चालू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मन उडालं माझं. बेइमान वस्तू मला चालत नाही. एक सेकंद मागे पडणारं घड्याळ मी घरात ठेवत नाही, आणि ही भर चौकात..." काकांचा मोठा डोळा ओला झाला. "नेऊन उभी केली शेडमध्ये."

"त्याआधी काही केलं होतं? काही बदललं, काही बसवलं?"

"काही नाही. उलट तिची काळजीच घेत होतो."

रेकॉर्डवाल्यांनी लिहिलं: 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार काळजी घेतली.' आणि त्याखाली स्वतःच्या जबाबदारीवर एक प्रश्नचिन्ह काढलं.

मग इलाज सुरू झाला. मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल काढलं, तर ते काढ्यासारखं तपकिरी झालेलं आणि जुन्या वॉर्निशचा वास. बॅटरी नवी घातली, ऑइल बदललं. हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं तेव्हा आत उंदरांचं घरटं निघालं. घड्याळांची गॅरंटी कार्डं कुरतडून त्याची गादी केलेली, आणि मधोमध एक बायकी घड्याळाचा पट्टा. काकूंनी तो ओळखला. तो हरवला म्हणून काकांनी एका गिऱ्हाइकाशी कायमचं भांडण केलं होतं.

कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण होतं तो भाग, आतून चिकटून गेला होता. मिस्त्रीने तो सुटा केला. सिस्टरांनी त्याचे पितळी तुकडे मोजून ताब्यात घेतले आणि स्वयंपाकघरात पातेल्यात उकळायला ठेवले.

"उकळून काही होत नाही, सिस्टर. हवा मारली की झालं."

"न उकळलेली वस्तू मी आजवर कोणाच्या शरीरात घातलेली नाही."

वीस मिनिटं घड्याळ लावून त्यांनी ते उकळलं. नंतर मिस्त्रीने हवा मारली. दोघांनाही वाटलं, आपल्यामुळे साफ झालं.

दरम्यान गल्लीत बातमी पसरली होती, आणि लोक भेटायला येऊ लागले. कोणी ठरवलं नव्हतं, पण येताना पावलं आपोआप हळू व्हायची. सिस्टरांची नणंद सफरचंदं घेऊन आली, गाडीशेजारी खुर्चीवर टेकली आणि कुजबुजत म्हणाली, "खरं सांगा हं वहिनी. आशा आहे ना?"

"वय तिच्या बाजूने नाही," सिस्टर म्हणाल्या, "पण हृदय मजबूत आहे."

नणंदेने पदराने डोळे टिपले. गर्दी वाढली तशी रेकॉर्डवाल्यांनी भेटीची वेळ चार ते सहा केली. मीही जाऊन आलो. "आधीपेक्षा तरतरी वाटते," म्हणालो, आणि माझं मलाच बरं वाटलं.

आठव्या दिवशी इंजिन सुरू झालं. म्हणजे धूर आला, खडखडाट झाला, आणि अख्खी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागली.

"चारातले तीनच चालतायत," मिस्त्री म्हणाला. इंजिनात चार सिलिंडर असतात, प्रत्येकाला ठिणगी देणारा एक प्लग आणि प्लगला एक वायर. त्याने जाड फडकं हाताला गुंडाळून चालू इंजिनाची एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन आणखी डगमगलं. दुसरीला तेच. तिसरी काढली, तर काहीच फरक नाही.

"म्हणजे ज्याला दाबलं तरी ओरडत नाही, तो आजारी!" सिस्टर टाळी वाजवून म्हणाल्या. "अहो, हेच तर मी नव्या पोरींना शिकवत होते!"

तिसऱ्या वायरचं आवरण उंदरांनीच कुरतडलेलं होतं. ती बदलली आणि इंजिन एका लयीत बोलू लागलं. मिस्त्री हसला. तो हसतो तेव्हा कसा दिसतो हे आम्ही पहिल्यांदाच बघितलं. फारसा फरक नव्हता.

खरी कथा इथून पुढे.

सिस्टर गाडी घेऊन निघाल्या. शेजारी रेकॉर्डवाले, हातात वही. बरोबर बाराव्या मिनिटाला गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. कुठे? मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर. वॉचमन धावत आला, सिस्टरांना ओळखून सलाम ठोकला.

"सिस्टर! करमत नाही ना?"

वीस मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली, आणि त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारावं मिनिट, पुन्हा तेच फाटक. तिसऱ्या दिवशी वॉचमनने आधीच खुर्ची काढून ठेवली होती. चौथ्या दिवशी बाहेरच्या दोन म्हाताऱ्यांनी संधी साधून रक्तदाब तपासून मागितला. आठवडा संपेपर्यंत फाटकावर सकाळी दहाला रांग लागू लागली, कारण आत नंबर यायला दुपार व्हायची आणि गाडी बंद पडणं मात्र ठरलेल्या वेळी व्हायचं. वॉचमनच्या वाहनांच्या रजिस्टरात रोज एकच नोंद असे: 'येण्याचे कारण – बंद पडणे.'

नव्या मेट्रनबाईंनी लेखी पत्र पाठवलं. 'निवृत्त कर्मचाऱ्यांनी विनापरवानगी फाटकावर हजेरी लावू नये.' रेकॉर्डवाल्यांनी लेखीच उत्तर दिलं: 'सदर हजेरी वाहनाची असून कर्मचाऱ्याची नाही.' त्यावर पत्र आलं, की वाहन निवृत्त आहे किंवा कसे ते कळवावे. हा पत्रव्यवहार, माझ्या माहितीप्रमाणे, अजून चालू आहे.

गल्लीत बोलबाला झाला. नणंद म्हणाली, मुक्या वस्तूंनाही माया कळते, गाडी वहिनींना जुन्या जागी नेते. मिस्त्रीलाही हे थोडंसं पटलं होतं, पण पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळे त्याने प्लगांना वीज पुरवणारी कॉइल बदलली. कॉइल गरम झाली की गाडी बंद पडू शकते, हे खरंच आहे. गाडी बाराव्या मिनिटाला बंद पडली. मग त्याने पेट्रोलचा पंप बदलला. तरी बाराव्या मिनिटाला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं. शेवटी त्याने टाकी तशीच ठेवून पेट्रोलची एक बाटली वर दोरीने टांगली आणि नळीने थेट इंजिनाला जोडली. सिस्टरांना हे फार आवडलं. त्या बाटलीशेजारी उभ्या राहून थेंब मोजत होत्या. इंजिन दोन तास खंड न पडता चाललं.

"टाकीत घाण आहे," मिस्त्री म्हणाला. टाकी उतरवली, धुतली, वाळवली, पुन्हा बसवली, नवं पेट्रोल भरलं, झाकण घट्ट लावलं. बारावं मिनिट. फाटक.

"आता इंजिन खोलावं लागेल," मिस्त्री म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात दुःख होतं.

रेकॉर्डवाल्यांनी मात्र एक पक्कं काम केलं. त्यांनी गाडी उलट्या दिशेला न्यायला लावली. बाराव्या मिनिटाला ती एका मंगल कार्यालयासमोर बंद पडली. वरपक्षाला वाटलं वधूपक्षाकडची मंडळी आली, आणि दोघांना हाताला धरून आत नेऊन पहिल्या पंक्तीला बसवलं. रेकॉर्डवाल्यांनी तिथेच वहीत लिहिलं: 'जागेचा संबंध नाही. वेळेचा आहे. जेवण चांगले होते.'

पुढच्या सोमवारी पुन्हा फाटक. सिस्टर गाडीत बसून होत्या. वॉचमन प्लास्टिकच्या पातळ बाटलीतून पाणी पीत होता. घाईत त्याने बाटली ओठांनी पुरती बंद केली होती. तो ओढत होता, गाल आत जात होते, बाटली चेपत होती, आणि पाणी काही येईना. त्याने ओठ जरा सैल केले. बुळुक करून हवा आत गेली, बाटली फुगली, पाणी आलं.

सिस्टर दार उघडून खाली उतरल्या.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "काचेच्या सलाइनच्या बाटल्या आठवतात?"

"सन सांगा."

"सन राहू द्या! तेव्हा बाटलीच्या रबरी बुचात दोन सुया लावायचो. एक सलाइन खाली जायला, आणि दुसरी नुसती हवा आत यायला. नवी पोरगी ती दुसरी विसरली की थोडा वेळ ठिबकायचं आणि मग बंद. मी कितीजणींना ओरडले असेन! आणि मी मूर्ख, रोज या गाडीत बसून..."

बोलता बोलता त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण पकडलं आणि फिरवलं. स्स्स्स्स असा एवढा लांब उसासा आला, की वॉचमनने चमकून मागे बघितलं. झाकण सैल ठेवून सिस्टरांनी चावी फिरवली. गाडी वीस मिनिटं न थांबता, त्याच क्षणी सुरू झाली.

त्या दिवशी झाकण पहिल्यांदा नीट बघितलं गेलं. कारखान्याचं नव्हतंच ते. जाड पितळेचं, आरशासारखं घासलेलं, आत दोन पदरी रबराची चकती. असलं काम करणारा माणूस शहरात एकच होता.

सिस्टर, रेकॉर्डवाले आणि मिस्त्री असे तिघं घड्याळवाल्या काकांकडे गेले. झाकण टेबलावर ठेवलं. काकांचा चेहरा उजळला.

"वा! मूळचं हरवलं होतं, म्हणून मी स्वतः बनवलं. तीन आठवडे लागले. पाणबुड्यांच्या घड्याळाचं तंत्र वापरलंय. पन्नास मीटर खोल पाण्यात टाका, आत थेंब जायचा नाही."

"हवाही जायची नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"छे! हवेची काय बिशाद!"

"काका, इंजिन टाकीतलं पेट्रोल ओढतं. तेवढी हवा आत गेली नाही, तर ते ओढणार कसं? उभी राहिली की पेट्रोलच्या वाफेने टाकी जरा भरते, म्हणून वीस मिनिटांनी पुन्हा चालते. हे झाकण बसवल्यावर किती दिवसांनी गाडी बंद पडू लागली?"

काकांनी भिंग काढलं. दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका मापाचे दिसले.

"दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

आतून एक आवाज आला. आधी वाटलं काकू रडतायत. मग त्या दारात आल्या, आणि हसता हसता चौकटीला धरून खालीच बसल्या. "नऊ वर्षं!" त्या म्हणत होत्या. "नऊ वर्षं मी बसने भाजी आणतेय! गाडी बेइमान म्हणे! अहो, तुम्हीच तिचा गळा दाबून बसलात!"

सिस्टरांनी पर्समधून जाड सुई काढली (त्यांच्या पर्समध्ये ती असतेच) आणि झाकणाच्या रबरावर टेकवली, तेव्हा मात्र काका ओरडले, "नको! असं भोसकू नका तिला!" त्यांनी झाकण ओढून घेतलं, भिंग पुन्हा लावलं, केसाएवढ्या जाडीचा ड्रिल शोधला आणि आपल्या हातांनी, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत चोख कामाला, भोक पाडायला घेतलं. पाऊण तास लागला. मिस्त्री शेजारी उभा राहून बघत होता. तो नंतर मला म्हणाला, की एवढं सरळ भोक त्याने जन्मात बघितलं नव्हतं, आणि एवढं पडलेलं तोंडही.

भोक पाडून झाल्यावर काकांनी झाकण उजेडात धरलं आणि भोकातून डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"चला," सिस्टर म्हणाल्या. "सगळेच चला."

पुढे सिस्टर आणि रेकॉर्डवाले, मागे काका-काकू, आणि मधल्या उंचवट्यावर अंग चोरून मिस्त्री. दहावं मिनिट गेलं. अकरावं गेलं. दवाखान्याच्या फाटकापाशी वॉचमन खुर्ची घेऊन उभाच होता, सकाळी तपासायचे राहून गेलेल्यांची रांगही अजून होती. गाडी समोरून तशीच पुढे गेली. वॉचमनचा सलामासाठी उचललेला हात वरच राहिला. मागे रांगेतल्या एका म्हाताऱ्याने "अहो, माझं प्रेशर!" अशी हाक मारली, ती खिडकीतून स्पष्ट ऐकू आली.

शहर संपलं. रस्ता सरळ होता. मग लक्षात आलं, की कुठे जायचं हे कोणी ठरवलेलंच नाही. गाडी बारा मिनिटांच्या पुढे जाईल असा विचार कोणी केलाच नव्हता. त्यामुळे सिस्टर नुसती गाडी चालवत राहिल्या. तासाभराने रस्त्याच्या कडेला एक तलाव दिसला तिथे गाडी थांबवली, या वेळी आपल्या मर्जीने.

सगळे उतरले. काका तेवढे गाडीपाशीच थांबले. ते बॉनेटला काहीतरी सांगत होते. काय, ते ऐकू आलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मिस्त्री पाण्याकडे बघत म्हणाला, "माझ्या गॅरेजमध्ये एक ट्रक आलाय, सिस्टर. चढावर रडतो. तुम्ही मंगळवारी येऊन नुसता त्याच्या मालकाशी बोलाल का? मला त्या लोकांशी बोलता येत नाही."

"येईन," सिस्टर म्हणाल्या. "पण मालकाच्या बायकोलाही बोलवा."

परतताना काकू पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रेकॉर्डवाल्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मागे बसा. मी पुढे बसणार." त्यांनी काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं, आणि घर येईपर्यंत तोंडावर वारा घेत बसल्या. मागे तिघे पुरुष गुडघे छातीशी घेऊन दाटीवाटीने बसले होते. मधेच काकांनी विचारलं, "वेग जरा जास्त नाही का होत?" त्यावर काकूंनी कोपर आणखी थोडं बाहेर काढलं.